भूगर्भांतील बिनतारी संदेश

आमच्या मंगरूळपीराकडे जमीन खणावी तर काळा पाषाणच लागतो. कोळसा आहे तो पूर्वेस वर्धेच्या खोऱ्यांत. तेथील वरोऱ्याची सरकारी खाण १८७१ पासून १९०६ पर्यंत चालली. अशा खाणींच्या इतिहासांत कोळशाची मोजदाद सांपडते. आंत कोंडलेला मनुष्य आपला ठावठिकाणा वर कसा कळवील, ही पृच्छा आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते.

छत कोसळलें कीं दूरध्वनीची तार तुटते. जगदीशचंद्र बसूंनीं १८९५ सालीं कलकत्त्यास भिंतीपलीकडील घंटा बिनतारी वाजविली खरी, पण त्यांच्या लहरी अतिह्रस्व होत्या. भूमीस मंद कंपनेंच मानवतात. ओलसर खडकांत सेकंदास १० लक्ष कंपनांची लहर सुमारें ५ मीटरांतच तृतीयांशावर येते. १ हजार कंपनांची त्याच खडकांत सुमारें १६० मीटर टिकते. यास्तव जमिनीवर तारेचें मोठें वेटोळें पसरून चुंबकीय क्षेत्रच खालीं धाडतात. कंपन मंद, म्हणून मजकूरहि तोकडा. मोडी पत्रांत 'छ' या एका अक्षरानें चांद्रतिथि दर्शवीत, तशीच ही काटकसर!

अमेरिकेंतील सॅगो खाणींत २ जानेवारी २००६ रोजीं स्फोट झाला. कोंडलेल्यांनीं छताच्या लोखंडी खिळ्यांवर घण घातले. वर कोणास ऐकूं गेलें नाहीं. १३ पैकीं १२ दगावले. त्याच वर्षीं कायदा होऊन तेथील भूमिगत कोळसाखाणींच्या चालकांस बिनतारी द्विमार्गी संपर्काची योजना ३ वर्षांत सादर करणें भाग पडलें.