फवाऱ्याखालचा पत्रा

मुंबईच्या रस्त्यावरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी कायमची उतरली. शेवटची पद्मिनी काळी-पिवळी म्हणून ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती ती २९ ऑक्टोबर २००३ रोजी, आणि मुंबईत टॅक्सीचे आयुष्य वीस वर्षांचे. वर्तमानपत्रांनी तिला भरभरून निरोप दिला. त्याच हिवाळ्यात माझ्या एका मित्राने वडिलांची १९७८ सालची पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणायचे ठरवले. जुन्या यंत्रांच्या इतिहासात मी गेली काही वर्षे रमलेला असतो, हे ठाऊक असल्याने त्याने मलाही सोबत ओढले. मी अभियंता नाही. जे शिकलो ते वाचून आणि गॅरेजमध्ये उभे राहून.

गाडी मोकळी झाली. सीट निघाल्या, गालिचा निघाला. त्याखाली कुजलेला नमदा, नमद्याखाली तडकलेले डांबरी पट्टे आणि पट्ट्यांखाली गंज. साठी उलटलेले मिस्त्री म्हणाले, "साहेब, हे सगळं खरवडू. मग आतून स्प्रे मारू. आवाजपण जाईल, गरमीपण जाईल. एका डब्यात दोन्ही कामं."

डब्यावरही साधारण तेच छापलेले होते. पण दोन मिलिमीटरचा थर मे महिन्याचे ऊन कसे अडवणार, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. हे दुहेरी आश्वासन आले कुठून, याचा माग काढू लागलो. तो माग डांबरावरून इंग्लंडमधल्या एका शाळेच्या अंगणापर्यंत जाईल असे तेव्हा वाटले नव्हते.

लाकूड गेले, ढोल आला

सुरुवातीच्या मोटारी म्हणजे बिनघोड्यांच्या बग्ग्याच. सांगाडा लाकडी, वर पत्रा किंवा कापड. त्यांचा आवाज सांध्यांचा, कुरकुरण्याचा. १९२०च्या दशकात चार्ल्स वेमन या वैमानिकाने त्यावर नामी तोड काढली. सांध्यात लाकडाला लाकूड लागूच द्यायचे नाही, मध्ये पोलादी पट्ट्या घालायच्या आणि वरून पत्र्याऐवजी कापड ताणायचे. या गाड्या इतक्या शांत होत्या की युरोपातल्या उंची मोटारींवर काही वर्षे वेमनचीच बॉडी चढत असे.

पण तिकडे अमेरिकेत एडवर्ड बड यांनी १९१४च्या सुमारास डॉज बंधूंसाठी संपूर्ण पोलादी बॉडी बनवायला घेतली होती. पोलाद स्वस्त होते, मजबूत होते, साच्यात दाबून झटपट घडवता येत होते. कापड आणि लाकूड मागे पडले. पुढची पायरी म्हणजे वेगळी चासी काढून टाकून बॉडीलाच सगळा भार पेलायला लावणे. सित्रोएनने १९३४मध्ये ते मोठ्या संख्येने करून दाखवले. फियाटने १९५०मध्ये १४०० या गाडीत ही पद्धत आणली आणि १९५३मध्ये ११००-१०३मध्ये. दांते जाकोसा यांच्या हाताखाली घडलेली ही ११०० म्हणजे आपल्या पद्मिनीची मूळ आई. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती आली, पुढे '११०० डिलाइट' झाली आणि १९७४मध्ये 'पद्मिनी'.

बॉडी आणि चासी एक झाल्याची किंमत कानांनी मोजली. इंजिनाची आणि रस्त्याची थरथर आता थेट जमिनीच्या, दारांच्या, टपाच्या पातळ पत्र्यात जाऊ लागली. जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा पत्रा, चारही कडांनी पकडलेला. म्हणजे ढोलच.

डांबराचे गणित

ढोलावर हात ठेवला की आवाज बसतो. मोटारवाल्यांनी हात ठेवला तो डांबराचा. डांबरात भुकटी मिसळून केलेले पट्टे पत्र्यावर ठेवायचे, आणि रंगाच्या भट्टीतून बॉडी जाताना ते वितळून पत्र्याला धरायचे. बाहेरून, चाकांच्या कमानीत आणि तळाला डांबरी लेप फवारायचा. तो मुख्यतः गंजासाठी, पण खडे उडाल्याचा आवाजही त्याने दबायचा.

हे का घडते याचे नेटके गणित १९५२मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेरमान ओबेर्स्ट यांनी मांडले. पत्रा वाकतो तेव्हा त्याला चिकटलेला थर ताणला आणि दाबला जातो. त्या ताणण्या-दाबण्यात थरथरीची शक्ती मुरते आणि उष्णतेच्या रूपाने संपते. थराची जाडी दुप्पट केली की परिणाम साधारण चौपट. आजही अशा लेपांची परीक्षा ज्या पट्टीवर होते तिला ओबेर्स्टचेच नाव आहे.

या गणितात एक अट दडलेली आहे. थर फार कडक असला तर ताणला जात नाही, फार मऊ असला तर ताणूनही शक्ती मुरत नाही. प्रत्येक लेपाला आपले असे एक तापमान असते, जिथे तो उत्तम काम करतो. युरोपातल्या हवेला धरून बेतलेले डांबर विदर्भाच्या उन्हात उभ्या गाडीत मऊ पडते, उभ्या पत्र्यावरून ओघळते आणि वर्षानुवर्षांनी वाळून तडकते. त्या तडीतून पावसाचे पाणी आत जाते, आणि वरून काळेभोर दिसणाऱ्या थराखाली गंज सुखाने वाढतो. मित्राच्या गाडीत नेमके तेच झाले होते. ड्रायव्हरच्या पायाखालचा पट्टा उचलला तर पट्ट्याबरोबर जमीनही वर आली.

एवढे करून डांबराने उष्णता अडवण्याचा दावा कधी फारसा केला नाही. त्यासाठी नमदा, गोणपाट, पुठ्ठा असे वेगळे सामान असे. मग 'दोन्ही कामे' करणारा फवारा कोणाचा?

आर्मलीची धूळ

त्याचे उत्तर मोटारीत सापडले नाही, आगगाडीत सापडले. लीड्स शहरातल्या आर्मली या कामगार वस्तीत जे. डब्ल्यू. रॉबर्ट्स नावाचा कारखाना होता, टर्नर अँड न्यूअल या बड्या कंपनीचा. १९३०च्या दशकाच्या आरंभी त्यांनी ॲस्बेस्टॉसचा फवारा बाजारात आणला. बंदुकीतून तंतू उडवायचे, तोंडाशी पाण्याचा तुषार भेटवायचा, आणि ओला लगदा पत्र्यावर बसवायचा. खडकाला घट्ट धरून बसणाऱ्या शिंपल्यावरून त्याला 'लिंपेट' असे नाव दिले. हा फवारा खरोखर दोन्ही कामे करीत असे. त्याचा थर जाड असे, सच्छिद्र असे. त्यात हवा कोंडलेली असे. म्हणून आवाज शोषला जाई, उष्णता अडे, वर आगीला दाद नाही. युद्धनौकांत तो बसला, आणि १९५०च्या दशकात ब्रिटिश रेल्वेच्या पोलादी डब्यांतही निळ्या ॲस्बेस्टॉसचा असा थर आतून फवारला गेला.

हा सौदा कोणाच्या फुप्फुसांवर झाला ते कळायला वेळ लागला, कारण ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा हा कर्करोग तीस-चाळीस वर्षांनी डोके वर काढतो. यॉर्कच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यातले कामगार त्याने गेले. आणि आर्मलीत तर कारखान्याचे तोंडही न पाहिलेली माणसे गेली. तिथली धूळ शेजारच्या घरांच्या खिडक्यांवर आणि शाळेच्या अंगणात साचत असे. मुले तिच्यात बर्फासारखी खेळत. त्या मुलांपैकी एक जून हॅनकॉक. त्यांची आई याच आजाराने वारली होती. पुढे तो त्यांनाही झाला. त्यांनी कंपनीला कोर्टात खेचले आणि ऑक्टोबर १९९५मध्ये जिंकल्या. अपिलातही निकाल टिकला. १९९७मध्ये त्यांचे निधन झाले.

योगायोग असा की त्याच १९९५च्या जानेवारीत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात मोठा निकाल दिला होता. कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून चाळीस वर्षे किंवा काम सोडल्यापासून पंधरा वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर ठेवलीच पाहिजे असे त्यात बजावले आहे. कारखान्यात ही नोंद निदान मागता तरी येते. रस्त्याकडेच्या शेडमध्ये ब्रेकची धूळ हवेने उडवणाऱ्या पोराची नोंद कोण ठेवणार?

अमेरिकेने १९७३मध्ये इमारतींतले ॲस्बेस्टॉस फवारणे बंद केले. ब्रिटननेही पुढे बंदी घातली. माल गेला. 'एका फवाऱ्यात दोन्ही कामे' हे वाक्य मात्र मागे राहिले, आणि नव्या डब्यांवर चढले.

मग आजच्या डब्यात काय आहे?

आजचा फवारा बहुधा पाण्यात कालवलेल्या ॲक्रिलिकचा असतो. मोठ्या कारखान्यांत यंत्रमानव तो हवा तिथे, हव्या त्या जाडीचा मारतात. डांबरापेक्षा हलका, उभ्या पत्र्यावर टिकणारा, कोपऱ्याकानाकोपऱ्यात शिरणारा. आवाजाचे काम तो ओबेर्स्टच्या नियमाने चोख करतो.

उष्णतेचे गणित मात्र निराळे आहे. तिथे जाडी आणि कोंडलेली हवा लागते. इंचभर ॲस्बेस्टॉसचा थर उष्णतेला जेवढा विरोध करी, त्याच्या अगदी लहानशा हिश्शाएवढाच विरोध दोन मिलिमीटर ॲक्रिलिक करते. हात लावून पत्रा जरा कमी चटका देतो, म्हणून फरक पडल्यासारखे वाटते; पण तासभर उन्हात उभ्या गाडीत तो फरक उरत नाही. पद्मिनीत उष्णता तीन वाटांनी येते: टपावरून उन्हाची, इंजिनाकडच्या आडव्या पत्र्यातून आणि सायलेन्सरच्या पाइपावरून. टपासाठी फिका रंग आणि अस्तरामागे हवेची पोकळी. उरलेल्या दोन वाटांसाठी थोडे अंतर राखून लावलेला चकचकीत ॲल्युमिनियमचा पडदा आणि आतून जाड नमदा. काळ्या-पिवळीचे टप पिवळे असे, हे इथे आठवते.

हे सगळे मी मिस्त्रींना सांगितले तेव्हा ते हसले. "म्हणजे डबा अर्धाच खरा." अर्धा खरा म्हणून आम्ही अर्ध्या कामाला तो वापरला.

खरी अडचण फवाऱ्याची नव्हतीच, खरवडण्याची होती. मिस्त्रींचा हाताखालचा मुलगा पहिल्याच दिवशी ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून बसला होता. बंद शेड, तोंडाला रुमाल. इंजिनाकडच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला कडेने फाटलेला एक करडा, तंतुमय पुठ्ठा होता. असा पुठ्ठा ॲस्बेस्टॉसचा आहे की नाही हे डोळ्यांनी ओळखता येत नाही, सूक्ष्मदर्शक लागतो. आर्मलीचे वाचून झाल्यावर मला त्या मुलाच्या पापण्यांवरची धूळ बघवेना. मी काम थांबवायला लावले. मित्र चिडला, चार दिवस वाया गेले. मिस्त्रींनी मात्र वाद घातला नाही. त्यांच्या उस्तादाला शेवटी दम लागायचा एवढेच ते म्हणाले.

मग डांबर हाताने, हीट गनने जेमतेम मऊ करून पत्रीने काढले. ग्राइंडर बंद. ब्रेक आणि क्लचची धूळ हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. मुलाला गाळणीचा नीट बसणारा मास्क आणला. कुजलेला पत्रा कापून नवा जोडला, गंज मुळापर्यंत काढला, इपॉक्सी प्रायमर मारला. पाणी निचरायची भोके, सीटच्या बोल्टांचे आटे, वायरिंग आणि पेट्रोलची नळी टेपने झाकली, कारण बुजलेले भोक म्हणजे पुन्हा गंज. फवारा तीन हातांत मारला, प्रत्येक हात वाळू देऊन. पावसाळी हवेत पाण्याचा लेप वाळायला फार वेळ घेतो, म्हणून हे काम आम्ही मुद्दाम फेब्रुवारीत धरले होते.

तो करडा पुठ्ठा काढला नाही. ओला करून त्याच्या फाटक्या कडा लेपाने बंद केल्या, आणि वर ॲल्युमिनियमचा पडदा लावला. कुठला तुकडा, कुठे, कशाखाली झाकला आहे, तो कोरडा घासू नये, हे मिस्त्रींनी सांगितले आणि मी मराठीत आणि हिंदीत लिहून काढले. तो कागद आता गाडीच्या आरसी बुकात आहे. तीस-चाळीस वर्षांनी कोणीतरी ही जमीन पुन्हा उघडेल, तेव्हा त्याच्या हातात ग्राइंडरच्या आधी तो कागद पडावा.