शेतकरी कोण, हे आधी विचारा

१९ मार्च १९८६ रोजी यवतमाळच्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी पत्नी-मुलांसह जीवन संपवलं. महाराष्ट्रातली ही ‘पहिली’ शेतकरी आत्महत्या मानली जाते. पण शेतकऱ्यांचा वेगळा रकाना राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने सुरू केला १९९५ साली. म्हणजे मृत्यू आधी, रकाना नंतर.

रकाना बदलला की आकडाही बदलतो. २०१३ साली देशात ११,७७२ शेतकरी आत्महत्या नोंदल्या गेल्या; २०१४ साली ५,६५०. दुःख निम्मं झालं? नाही. त्या वर्षी शेतमजूर वेगळे काढले गेले, ते होते ६,७१०.

यवतमाळात आणखी एक चाळणी आहे. मदत देण्यासाठी महसूल खातं प्रत्येक प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ठरवतं: सातबारा, कर्ज, वसुलीचा तगादा पाहून. संशोधकाने फक्त पात्र यादी घेतली, तर त्याला प्रत्येक घरात कर्ज सापडणारच. यादीच तशी निवडलेली. मक्त्याने शेती करणारा त्यातून गळतो. कापूस वेचणारी बाई तर पोलिसांच्या कागदावर बहुधा ‘गृहिणी’ असते.

दुसरी चूक म्हणजे फक्त मृत्यू झालेल्या घरीच जाणं. शेजारीही कोरडवाहू कपाशी आणि कर्ज असतं, तरी तो जगतोय. मग फरक कशाने पडला? श्रीजित मिश्रा यांच्या २००६च्या अहवालात पश्चिम विदर्भातल्या अशा दोन्ही प्रकारच्या घरांची तुलना आहे. योग्य वाट तीच: अपात्रांच्याही घरी जा, जगणाऱ्यांनाही विचारा.

हा वाद कागदापुरता नाही. जो मोजला जात नाही, त्याच्यासाठी योजनाही आखली जात नाही.