जुनी नौका घेताना
पालघर तालुक्यातील माहीम, केळवे, सातपाटीच्या किनाऱ्यावर जुनी मासेमारी नौका घेताना प्रथम यंत्राच्या नावाची चौकशी होते. लहान होडीला यामाहा की सुझुकी, मोठ्या नौकेत अशोक लेलँड की किर्लोस्कर? सुटे भाग जवळपास मिळतात का, एवढ्यापुरते हे नाव महत्त्वाचे. बंद पडलेल्या यंत्राची नौका ओढून आणता येते. तळ फुटला तर जिवावर बेतते. त्यामुळे पावसाळी मासेमारीबंदीत नौका किनाऱ्यावर ओढलेली असतानाच तिचा तळ पाहावा. ताज्या रंगाला भुलू नये. सागवानी फळ्यांत किडीची भोके व गंजलेले खिळे शोधावेत. फायबर ठोकून पाहावे, बद्द आवाज आल्यास आतले थर सुटल्याचा संशय घ्यावा. विक्रेत्याच्या नावाची नोंदणी आणि महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खालील परवाना पाहिल्यावाचून विसार देऊ नये.