प्रसूतिगृहातला कॅमेरा

मराठी मध्यमवर्गीय घरातले जुने अल्बम चाळले, तर एक रिकामी जागा सहज ध्यानात येते. डोहाळजेवणाचा फोटो हमखास असतो. हिरवी साडी, अंगभर फुलांची वाडी, वेणीवरची फुलेही दिसावीत म्हणून पाठीमागे धरलेला आरसा. त्याच्या पुढचे पान उलटले की एकदम चार-पाच महिन्यांचे, पालथे पडून मान उचलणारे, कपाळावर तीट लावलेले बाळ समोर येते. या दोन फोटोंच्या मधे त्या घरातली सर्वांत मोठी घटना घडून गेलेली असते आणि तिचे एकही चित्र नसते.

त्याला कारणे होती. कॅमेरा घरोघरी नव्हता आणि बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाला मज्जाव होता. सोयराचे दहा दिवस, पाचवीची पूजा, सटवाईचा लेख हे सारे उरकून बाराव्या दिवशी बारसे होईपर्यंत बाळ चारचौघांत आणायचे नाही, अशी रीत होती. दृष्टीची भीती तर आजही गेलेली नाही. मोबाइलवर बाळाचा चेहरा फुलाच्या चित्राने झाकून फोटो पाठवणाऱ्या आईच्या मनात तीच भीती नव्या रूपात असते.

गेल्या दोन-तीन दशकांत ही रिकामी जागा भरू लागली. प्रसूतिगृहात कळा सुरू झाल्यापासून बाळ आईच्या छातीशी जाईपर्यंतचे क्षण टिपणे, हा आता छायाचित्रणाचा एक स्वतंत्र प्रकार मानला जातो. पाश्चात्त्य देशांत त्याचे व्यावसायिक आहेत. आपल्याकडे मात्र हे काम बहुधा नवरा, बहीण, मावशी किंवा जिवलग मैत्रीण करते, तेही हातातल्या फोनवर आणि कोणत्याही तयारीविना.

मिलर यांचा मुलगा

या प्रकारातले सर्वांत गाजलेले छायाचित्रही घरच्याच माणसाने काढलेले आहे. वेन मिलर हे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाचे छायाचित्रकार होते. अणुबॉम्बनंतरचे हिरोशिमा त्यांनी १९४५ मध्ये कॅमेऱ्यात टिपले होते. पुढच्याच वर्षी, १९४६ मध्ये, त्यांच्या मुलाचा जन्म झाला. बाळंतपण करणारे डॉक्टर होते मिलर यांचे स्वतःचे वडील. आजोबांच्या हातात नुकतेच जगात आलेले ओलेकंच बाळ, आणि कॅमेऱ्यामागे बाळाचा बाप! एडवर्ड स्टायकेन यांनी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात १९५५ मध्ये भरवलेल्या ‘द फॅमिली ऑफ मॅन’ या प्रदर्शनात हे छायाचित्र लागले. ६८ देशांतली ५०३ छायाचित्रे असलेले ते प्रदर्शन पुढे जगभर फिरले आणि भारतातही आले.

मिलर यांच्या चित्राचा प्रवास तिथे थांबला नाही. १९७७ मध्ये व्हॉयेजर याने अवकाशात सोडली गेली, तेव्हा परग्रहावरील संभाव्य जीवांसाठी त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी बसवण्यात आली. त्या तबकडीवरील शंभराहून अधिक चित्रांत जन्माचे चित्र म्हणून मिलर यांचेच छायाचित्र निवडले गेले. विवस्त्र स्त्री-पुरुषांचे चित्र ‘नासा’ने नाकारले आणि त्याऐवजी नुसती छायाकृती पाठवली, प्रसूतीचे चित्र मात्र गेले. त्याच तबकडीवर गोव्यातल्या केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी आहे आणि मराठीतून एक नमस्कारही आहे. व्हॉयेजर-१ हे यान २०१२ मध्ये आंतरतारकीय अवकाशात शिरले. तेव्हा माणसाने काढलेल्या छायाचित्रांपैकी सर्वांत दूर गेलेल्या मोजक्या चित्रांत एका कुटुंबाच्या बाळंतपणाचा फोटो आहे.

त्या काळात अशी परवानगी मिळणे सोपे नव्हते. मिलर यांना ती मिळाली, त्यात डॉक्टर घरचेच असल्याचा वाटा नक्कीच असणार. प्रयोगशील चित्रपटकार स्टॅन ब्रॅकेज यांना आपल्या पहिल्या मुलीचा जन्म चित्रित करायचा होता. रुग्णालयाने त्याला नकार दिल्याने बाळंतपण घरीच करावे लागले. १९५९ मधला ‘विंडो वॉटर बेबी मूव्हिंग’ हा त्यांचा छोटा मूकपट त्यातून घडला. ‘लाइफ’ साप्ताहिकाने ३० एप्रिल १९६५ च्या अंकात लेनार्ट निल्सन या स्वीडिश छायाचित्रकाराची गर्भाची रंगीत चित्रे छापली आणि जग थक्क झाले. मात्र त्यांतली बहुतेक चित्रे वैद्यकीय कारणांनी शरीराबाहेर काढलेल्या गर्भांची होती, हे त्याच अंकात नमूद असूनही फारसे कुणाच्या लक्षात राहिले नाही. जीवनारंभाची म्हणून मिरवलेली ती चित्रे बव्हंशी जगू न शकलेल्यांची आहेत. मिलर यांच्या साध्या कृष्णधवल चित्रात असला पेच नाही.

फोन आला तो प्रसूतिगृहातूनच

आज प्रत्येक हातात कॅमेरा आहे, त्याचा एक धागाही थेट प्रसूतिगृहाशी जोडलेला आहे. ११ जून १९९७ रोजी कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ येथे फिलिप कान या संगणक-उद्योजकाची पत्नी प्रसूतिगृहात होती. कळा लांबल्या होत्या. कान यांनी त्या वेळात डिजिटल कॅमेरा, लॅपटॉप आणि मोबाइल फोन एकमेकांना जोडून एक जुगाड उभा केला. बाळाचा फोटो काढला आणि त्याच क्षणी तो दोन हजारांहून अधिक लोकांपर्यंत पोचवला. मोबाइलवरून तत्काळ पाठवलेले पहिले छायाचित्र म्हणून त्याची नोंद घेतली जाते. कॅमेरा असलेले फोन बाजारात यायला त्यानंतरही काही वर्षे लागली. फोटो काढणे आणि तो सर्वांना पाठवणे या दोन कृती एक झाल्या, त्या एका नवजात मुलीच्या निमित्ताने. आजच्या बऱ्याच तक्रारींचे मूळही त्यातच आहे.

दार उघडले ते असे

कॅमेरा आत जायचा तर आधी माणूस आत जायला हवा. फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ फर्नांड लामाझ यांनी १९५० च्या दशकात मांडलेल्या पद्धतीत प्रसूतीच्या वेळी सोबत करणाऱ्याला, विशेषतः पतीला, स्थान होते. पुढच्या दोन दशकांत युरोप-अमेरिकेतल्या रुग्णालयांची दारे हळूहळू उघडली.

भारतात ही गोष्ट बरीच उशिरा घडली, कारण मुळात रुग्णालयात बाळंत होणेच सार्वत्रिक नव्हते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये देशातील सुमारे ३९ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांत होत होत्या. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ८८.६ टक्के झाले. महाराष्ट्रात ते ९४.७ टक्के होते. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी एका सोबतिणीला परवानगी दिली. ती शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली नातलग स्त्री असावी, आणि जिथे खासगीपण राखता येईल तिथे पतीलाही थांबू द्यावे, असे त्यात म्हटले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींतही स्त्रीने स्वतः निवडलेल्या सोबत्याचा आग्रह धरला आहे. प्रत्यक्षात सरकारी प्रसूतिकक्षात टेबलाला टेबल लागलेले असते, मधे पडदा असेलच असे नाही. तिथे बहिणीचा फोटो काढताना चौकटीत शेजारची बाई येते आणि तिला कुणी विचारलेले नसते. अशा कक्षात परिचारिकेने फोन खिशात ठेवायला सांगितले, तर तो अडेलपणा म्हणता येणार नाही.

उजेड, जागा आणि वेळ

हे छायाचित्रण तंत्रदृष्ट्या कठीण आहे. कळांच्या वेळी खोली अंधारी ठेवलेली असते आणि बाळ बाहेर येताच डोक्यावरचा प्रखर दिवा लागतो. काही क्षणांत बाळ वॉर्मरवर जाते. त्याच्या तापणाऱ्या दांड्यांचा नारिंगी उजेड त्वचेवर असा काही पसरतो, की फोटोत बाळाचा खरा रंग ओळखता येत नाही. काविळीसाठी निळ्या दिव्यांखाली ठेवलेले बाळ फोटोत भयावह निळे दिसते आणि गावाकडची आजी हाय खाते. या मिश्र उजेडामुळेच अनेक जाणकार रंग सोडून कृष्णधवलाकडे वळतात.

फ्लॅश टाळणे हा या कामातला पहिला संकेत. साध्या फ्लॅशने नवजाताच्या डोळ्यांना कायमची इजा होते, असे सिद्ध झालेले नाही. पण टाके घालणाऱ्या डॉक्टरांच्या किंवा शिरेत सुई घालणाऱ्या परिचारिकेच्या डोळ्यांसमोर अचानक झळाळी नको, हे कारण पुरेसे आहे. कॅमेरा असल्यास एफ १.८ ते २.८ इतके मोठे छिद्र, आयएसओ १६०० ते ६४०० आणि सुमारे ३५ मिलिमीटरची भिंग कामास येते. फोन असल्यास आवाज बंद ठेवावा, साठवणुकीची जागा आदल्या दिवशीच मोकळी करावी आणि जरुरीपुरती चार्जिंग सांभाळावी. यातले शेवटचे सर्वाधिक विसरले जाते. पहिलटकरणीच्या कळा बारा तास आणि त्याहूनही अधिक चालू शकतात.

उभे राहायची जागा आईच्या उशाशी. तिथून तिला दिसते तेच कॅमेऱ्याला दिसते, तिचे खासगीपण राहते आणि डॉक्टरांची वाटही अडत नाही. सिझेरियनमध्ये तर दुसरी जागाच नाही. भूलतज्ज्ञाच्या बाजूला, पडद्याच्या आत, टोपी-मास्क घालून उभे राहायचे आणि निळ्या-हिरव्या निर्जंतुक कापडाच्या दिशेने हातही लांबवायचा नाही. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या सर्वेक्षणात सुमारे चौथा हिस्सा प्रसूती सिझेरियनने झालेल्या होत्या, तेव्हा हा प्रसंग अपवादाचा नव्हे. शस्त्रक्रियेत आई बहुधा जागी असते, पण तिला पडद्यापलीकडचे काही दिसत नाही. बाळ प्रथम कसे रडले, कुणी उचलले, हे तिला नंतर फोटोतूनच कळते. या प्रकारच्या छायाचित्रणाची खरी गरज कुणाला असेल, तर तिला.

काय टिपावे, याविषयी नवख्यांचा एक गैरसमज असतो. सारे लक्ष बाळावर खिळते. जन्मतः बाळ निळसर असते, मग धडापासून गुलाबी होऊ लागते, हातपाय मात्र दिवसभरही निळसर राहू शकतात. अंगावर पांढरा चिकट थर असतो, डोके लांबुळके झालेले असते. हे सारे नैसर्गिक आहे आणि अवश्य टिपावे. पण त्याच मिनिटाला आईच्या चेहऱ्यावर जे उमटते ते पुन्हा दिसत नाही. खोलीबाहेर बाकावर बसलेल्या आजोबांचेही तेच. चांगल्या संचात बाळाइतकीच माणसे असतात: घट्ट धरलेला हात, घड्याळाकडे गेलेली परिचारिकेची नजर, वजनकाट्यावरचा आकडा.

नाळ बांधायला किमान एक मिनिट थांबावे आणि पहिल्या तासात बाळाला आईच्या उघड्या छातीशी ठेवून दूध पाजायला सुरुवात करावी, असे वैद्यकशास्त्र सांगते. फोटोसाठी या तासात बाळाला आईपासून उचलणे, ‘जरा इकडे तोंड कर’ म्हणून गुंडाळून मिरवणे, हे साफ चुकीचे. दुर्दैवाने फोटोंचा सर्वाधिक उत्साह याच तासात असतो.

संमती कुणाची

परवानगी रुग्णालयाची लागते, डॉक्टरांची लागते, हे लोकांना ठाऊक असते. अनेक रुग्णालयांचा चलचित्रणाला विरोध असतो. कज्जेदलालीत चित्रफीत पुरावा ठरू शकते, हे त्यामागचे उघड गुपित. अमेरिकेतील मेरीलँड राज्यातल्या एका रुग्णालयाने तर जन्मानंतर पाच मिनिटे उलटेपर्यंत कॅमेराच नको असा नियम केला आणि २०११ मध्ये त्यावर तिथे मोठी चर्चा झाली. रुग्णालयांच्या बाजूने बोलायचे तर, बाळ रडत नसताना त्याला श्वास देणाऱ्या माणसाला कॅमेऱ्याचे दडपण नसावे, हा मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

पण पहिली संमती आईची, आणि तीच विचारायची राहून जाते. कळांच्या मध्यावर तिला विचारणे निरर्थक. ते आठव्या महिन्यात, शांतपणे बोलून ठरवायला हवे. आणि तेव्हा ‘हो’ म्हटलेल्या स्त्रीने ऐन वेळी ‘नको’ म्हटले, तर ते ‘नको’ अंतिम. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई नुसार एखाद्याच्या खासगी अवयवांचे चित्र संमतीविना टिपणे, प्रसिद्ध करणे वा पाठवणे हा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे. नातलग असण्याची सूट त्यात नाही. घरोघरी होणारा तंटा मात्र कायद्यापर्यंत जात नाही. आई अजून टेबलावर असते, तिने बाळ धड पाहिलेलेही नसते आणि फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहावर जाऊन नाक कुणासारखे यावर मतदान सुरू झालेले असते. याची खंत स्त्रिया कित्येक वर्षे बाळगतात. फोन काढणाऱ्याला या गोष्टीची कल्पनाही नसते.

समाजमाध्यमांनीही या चित्रांना बराच काळ अश्लीलतेच्या नियमांत अडकवून ठेवले होते. स्त्रियांनी चालवलेल्या मोहिमेनंतर २०१८ मध्ये फेसबुक आणि इन्स्टाग्राम यांनी प्रसूतीच्या चित्रांना सवलत दिली.

जे बाळ घरी येत नाही

प्रत्येक बाळंतपण सुखरूप पार पडतेच असे नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात २००५ मध्ये ‘नाऊ आय ले मी डाउन टू स्लीप’ ही संस्था सुरू झाली. मृत जन्मलेल्या किंवा काही तासच जगू शकणाऱ्या बाळांची छायाचित्रे तिचे स्वयंसेवक विनामूल्य काढून देतात. संस्थेच्या संस्थापकांपैकी एक स्वतः असे बाळ गमावलेली आई आणि दुसरी ते फोटो काढणारी छायाचित्रकार होती. ही चित्रे बहुधा कृष्णधवल असतात. त्वचेवरचे डाग आणि बदललेला रंग त्यात झाकला जातो, बोटे, पापण्या, जावळ तेवढे स्पष्ट राहते. आईवडील ती लगेच पाहतात असे नाही. कुणी आठवड्याने पाहतात, कुणी वर्षाने.

आपल्याकडे अशा बाळाला दहन न करता पुरतात. घरचे पुरुष ते घाईने उरकून येतात, तेव्हा आई रुग्णालयाच्या खाटेवरच असते. ‘बघू नकोस, त्रास होईल’ असे तिला सांगितलेले असते आणि पुढे त्या बाळाचा विषयही निघत नाही. त्या गडबडीत बहिणीने वा नवऱ्याने फोनवर एखादा फोटो काढलेला असतो. तो पुसून टाकण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. समुपदेशक वेगळे सांगतात: फोटो आईला दाखवण्याची सक्ती नको आणि पुसण्याची घाईही नको. तो दुसऱ्या ठिकाणी उतरवून ठेवावा, आणि असा फोटो आपल्याकडे आहे, हवा तेव्हा माग, एवढे तिला एकदा सांगून ठेवावे.