पाऱ्याची नळी आणि सर्पगंधेचं मूळ

कोडोलीत आमच्या गटाच्या बैठकीत बीपी तपासलं, की हमखास प्रश्न यायचा, "१५० वर ९६ म्हणजे कशाचे आकडे गं?" उत्तर शोधता शोधता आम्ही जुन्या काळात जाऊन पोचलो.

इंग्लंडातले पाद्री स्टीफन हेल्स यांनी घोडीच्या धमनीत काचेची नळी जोडली, तर रक्त आठ फुटांच्या वर चढलं. हे त्यांनी १७३३ साली लिहून ठेवलं. माणसाला असं कसं मोजणार? १८९६ साली इटलीच्या रिवा-रोची यांनी दंडाला बांधायचा पट्टा आणि पाऱ्याची नळी आणली. १९०५ साली रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी पट्ट्याखाली कान दिला. हवा सोडताना पहिला ठोका ऐकू येतो, तो वरचा आकडा. तेव्हा हृदय आवळलेलं असतं. ठोके थांबतात, तो खालचा. तेव्हा हृदय सैल असतं. पारा किती मिलिमीटर चढला, तेच हे आकडे.

मोजता आलं, पण औषध कुठं होतं? आपल्याकडं सर्पगंधेचं मूळ वैद्य पूर्वीपासून वापरत. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ते ५० रुग्णांना देऊन, बीपी मोजून, १९४९ साली इंग्लंडच्या हृदयरोगाच्या मासिकात निष्कर्ष छापले. मग जगाचं लक्ष या मुळीकडं गेलं. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं. पण त्यानं काहींचं मन खचायचं, म्हणून पुढं दुसऱ्या गोळ्या आल्या. तेव्हा मूळ उगाळून पिऊ नका. औषध मापातच हवं.

आमच्या गटातल्या एका मावशींनी "आता बरं वाटतंय" म्हणून गोळी सोडली. डोकंही दुखलं नाही, पण पुन्हा मोजलं तर आकडा वरच. बीपी दुखत नाही, म्हणूनच ते घातक. लकवा, हृदय, मूत्रपिंड, सगळ्यांवर घाव घालतं.

मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या उंचीला. अर्धा तास आधी चहा, मिश्री नको. १४० वर ९० किंवा त्याहून जास्त आकडा वेगवेगळ्या दिवशी आला, तर डॉक्टरांना दाखवा. दिवसभराचं मीठ एका चमच्याच्या आत ठेवा. लोणचं, पापड, खर्डा त्यातच धरायचा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवायची नाही.

पुढच्या बैठकीला वहीत आपापला आकडा लिहूया. घरच्या कारभाऱ्यांचाही.