ठरींव मोलाचा विमा

विम्याचें मूळ तत्त्व साधें आहे. नुकसान झालेल्या मनुष्यास पूर्वस्थितीस आणावें, त्याहून अधिक श्रीमंत करूं नये. इंग्लंडच्या अपील न्यायालयानें १८८३ सालीं कॅस्टेलेन विरुद्ध प्रेस्टन या खटल्यांत हें तत्त्व निःसंदिग्ध शब्दांत मांडलें. परंतु जी वस्तु बाजारांत क्वचितच विकावयास येते, तिची पूर्वस्थिति पैशांत मोजावी कशी? जुन्या मोटारीच्या विम्याचा इतिहास या एका प्रश्नाभोंवतीं फिरतो.

नव्या मोटारीपुरतें उत्तर सोपें असतें. गाडी वापरली कीं झिजते, आणि झिजली कीं तिचें मोल उतरतें. भारताच्या २००२ सालच्या मोटार-विमा दरपत्रकानें हा घसारा आंकड्यांत बांधला: पहिल्या सहा महिन्यांस शेंकडा ५, तर चार ते पांच वर्षांच्या गाडीस शेंकडा ५०. त्यापुढें कोष्टक थांबतें. किंमत उभयपक्षीं विचारानें ठरवावी, एवढेंच तें सांगतें. आजोबांनीं घेतलेली व नातवानें जपलेली गाडी तर अनेकदां या हिशेबाच्या उलट वाटेनें जाते. वयाबरोबर तिचें मोलहि वाढत राहतें.

या अडचणीवरील तोडगा मोटारीच्या जन्मापूर्वींच समुद्रावर सांपडला होता. गलबत बुडाल्यावर मालाची किंमत कोणत्या भावानें धरावी, हा वाद नको म्हणून व्यापारी व विमेवाले प्रवासापूर्वींच एक रक्कम ठरवून विमापत्रांत लिहीत. विम्याच्या नांवाखालीं जुगारहि चाले. म्हणून १७४५ च्या ब्रिटिश कायद्यानें, ज्याचा त्या मालाशीं हितसंबंध नाहीं त्याचा विमा रद्द ठरविला. मात्र ठरींव किंमतीचें विमापत्र म्हणजे जुगार नव्हे, असा निर्वाळा लॉर्ड मॅन्सफील्ड यांनीं १७६१ सालीं साखरेच्या पिंपांसंबंधींच्या एका खटल्यांत दिला. १९०६ च्या ब्रिटिश सागरी विमा कायद्यानें त्यावर शिक्कामोर्तब केलें: कपट नसेल, तर ठरलेली किंमत निर्णायक होय. भारताच्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यांतहि हाच नियम आहे.

मोटारीचें बालपण याच सुमाराचें. १४ नोव्हेंबर १८९६ रोजीं लंडनहून ब्रायटनकडे मोटारींची फेरी निघाली, ती वेगाचे जाचक निर्बंध सैल झाल्याच्या आनंदाप्रीत्यर्थ. १९२७ सालीं त्या फेरीचें पुनरुज्जीवन झालें आणि १९३० सालीं ब्रिटनमध्यें 'व्हेटरन कार क्लब' निघाला. भंगारांत जावयाची वस्तु वारसा म्हणून जपली जाऊं लागली, आणि समुद्रावरील युक्ति रस्त्यावर उपयोगी पडली. वर उल्लेखिलेल्या भारतीय दरपत्रकानेंहि १९४० अखेरपर्यंत बनलेल्या व क्लबानें प्रमाणित केलेल्या गाड्यांस ठरींव किंमतीचा विमा मान्य केला.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. कायद्यानें सक्तीचा केलेला विमा ब्रिटनमध्यें १९३० च्या कायद्यानें आला, आपल्याकडे १९३९ च्या कायद्याखालीं १ जुलै १९४६ पासून. तो त्रयस्थाच्या हानीपुरता असतो. आपली गाडी जळाली तर त्यांतून आपणांस कांहीं मिळत नाहीं.

म्हणून जुनी गाडी बाळगणाऱ्यानें हप्त्याची स्वस्ताई पाहण्यापूर्वीं तीन गोष्टी तपासाव्या. विमापत्रांत ठरींव किंमत आहे कीं अपघाताच्या दिवसाचा बाजारभाव? ती किंमत जाणत्या पारख्याकडून वेळोवेळीं नवी करून घेतली आहे काय? आणि दुर्मिळ सुटे भाग मिळवून आपल्या विश्वासाच्या कारागिराकडून दुरुस्ती करविण्याची मुभा आहे काय? तिसरा प्रश्न बहुतेक विसरला जातो, पण तोच सर्वांत महत्त्वाचा. किंमत फार कमी लिहिलेली असली, तर थोड्या मोडतोडीचा खर्चहि तिच्यापुढें जातो. कंपनी गाडी पूर्ण नष्ट झाली असें धरून पूर्ण रक्कम देते, आणि उरलेल्या सांगाड्यावर तिचा हक्क पोंचतो. जी गाडी सहा महिन्यांच्या कष्टानें पुन्हां रस्त्यावर आली असती, ती हप्त्यांतल्या थोड्या बचतीपायीं कायमची घराबाहेर जाते.