रोव्हुमाच्या मुखाशी मराठवाडा

नांदेड-लातुराकडे आपण जमीन खोदतो ती पाण्यासाठी. बोअर कोरडी गेल्याचे दुःख श्रोत्यांस निराळे सांगावयास नको. पण तेव्हाच्या औरंगाबादेजवळ, चितेगावास दूरदर्शन संच बनविणारी व्हिडिओकॉन कंपनी वायूच्या शोधात मोझांबिकच्या समुद्रात उतरली. रोव्हुमा नदीच्या मुखासमोरील क्षेत्रात तिचा वाटा १० टक्के. खोदकाम अमेरिकन अ‍ॅनाडार्कोच्या हाती. व्हिडिओकॉनने खर्चाचा हिस्सा भरावयाचा, आणि विहीर कोरडी निघाली तर तो बुडाला समजावयाचा! २०१० साली सुमारे दीड हजार मीटर पाण्याखाली वायू लागला. मात्र वायू सापडणे निराळे, विकणे निराळे. तो गोठणबिंदूच्याही खूप खाली थंड करून द्रवरूप करावा, जहाजांत भरावा. त्यास अब्जावधी डॉलर आणि कित्येक वर्षे हवीत. कर्जाने वाकलेल्या घरास हे कोठून झेपणार? जानेवारी २०१४ मध्ये तो वाटा ओएनजीसी विदेश व ऑइल इंडिया या सरकारी कंपन्यांनी २४७.५ कोटी डॉलरना घेतला. विकण्यात आम्हांस तरी चूक दिसत नाही. तथापि कर्ज फिटले नाही. २०१८ साली प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे गेले. २०२१ मध्ये तेथील पाल्मा गावावर सशस्त्र हल्ला होऊन प्रकल्पाचे काम थांबले, तेव्हाही तो वायू समुद्रतळाच्या खडकातच होता.